गुणाजी परबाचा उजवा हात आणि खाजाची झेप

लालबागच्या केशवभुवनात गुणाजी परबापेक्षा त्याच्या उजव्या हाताला जास्त मान होता. गुणाजी जिना उतरायला लागला की लोक तोंडाकडे बघून "काय गुणाजी, बरं ना?" म्हणायचे, पण नजर ठेवायचे हातावर. तो कधी सुटेल याचा खुद्द गुणाजीलाही पत्ता नसे. मेव्हण्याचा जबडा, दूधवाल्याचे पुढचे दोन दात आणि तळमजल्यावरच्या नळाची तोटी, एवढं तर एका उन्हाळ्यात झालं. तोटी गळत होती, म्हणून तिलाही थोबाडीतच बसली.

ज्या मिलमध्ये बापाने बावीस वर्षं साचे चालवले, तिच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये गुणाजी वॉचमन लोकांचा सुपरवायझर होता. एका साहेबाने गाडीची काच खाली न करता बोटानेच गेट उघडायची खूण केली. गुणाजी म्हणाला, तोंडाने बोला. काच काही खाली येईना, तेव्हा गुणाजीने ती आत घातली. साहेबाच्या भुवईला पाच टाके पडले, गुणाजीच्या मुठीला नऊ, आणि नोकरी गेली. ती तिसरी नोकरी. आधीच्या दोन अशाच गेल्या होत्या, फक्त टाके कमी होते.

पण शेवटचा घाव बसला तो मुलीच्या लग्नात. आकांक्षा त्याची एकुलती एक. तिने माटुंग्याचा सौमित्र पसंत केला. मुलगा बँकेत, आई कालिंदीबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरात सगळे हळू आवाजात बोलणारे. दादरच्या हॉलमध्ये लग्न लागलं आणि गुणाजी माईक हातात धरून गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. बारा वाटेच्या, बारा गावच्या देवांना हाका घालत तो ऐन रंगात आलेला असताना साउंडवाल्याने घड्याळ बघून माईक बंद केला. हॉलची वेळ संपली होती. गुणाजीने त्याच माईकने साउंडवाल्याचं नाक फोडलं. माईक बंद होता तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, आणि रक्त गेलं कालिंदीबाईंच्या पैठणीच्या पदरापर्यंत.

आकांक्षा सासरी गेली ती बापाशी न बोलता. सहा महिने बोलली नाही. सातव्या महिन्यात आली ती पिशवीत एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन.

पुलाखाली सापडलेलं, अर्धा कान कुणीतरी चावून नेलेलं, रंग जत्रेतल्या गुळाच्या खाजासारखा, म्हणून नाव खाजा. माटुंग्याला ठेवता येत नव्हतं, कारण कालिंदीबाईंना कुत्र्याच्या केसांनी शिंका येत.

"बाबा, हा माझा आहे," ती म्हणाली. "लसीचे कागद माझ्या नावावर आहेत. तुमच्याकडे ठेवायला देतेय. पण ज्या दिवशी तुम्ही माणसावर किंवा जनावरावर हात उचललात, त्या दिवशी मी याला घेऊन जाणार. सासूबाई शिंकल्या तर शिंकल्या."

"आणि समोरच्याने आधी मारलं तर?"

"तरीसुद्धा."

गुणाजी हसला. कुत्र्याच्या जिवावर मुलगी बापाला धाक घालतेय, याचीच त्याला गंमत वाटली. पण त्या रात्री पिल्लू त्याच्या उशाशी येऊन कुडकुडत निजलं आणि पंधरा दिवसांत अशी पाळी आली की खाजाने अन्न टाकलं तर गुणाजीही ताटावरून उठायचा.

राग मात्र जाईना. पार्किंगवरून, पाण्यावरून, कुणीतरी गॅलरीत थुंकलं म्हणून हात शिवशिवायचा. उपाय काढला गंगुबाईने. अठ्ठावीस वर्षं तिने त्या हातासोबत संसार केला होता.

"हात शिवशिवता तर मांडयेर मारा," ती म्हणाली. "मांडी तुमचीच आसा. पोलीस येवचे नाय."

गुणाजीला ते जमलं, कारण मांडीवर थाप मारणं त्याच्या रक्तातलंच होतं. तरुणपणी तो परळ-लालबागच्या मैदानांवर कबड्डी खेळायचा. उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा, आणि समोरचा गडी चढाईला आला की मांडीवर अशी थाप ठोकायचा की बाहेरच्या फुगेवाल्याचे फुगे हलायचे. आता पोरगं गॅलरीत थुंकलं की फट्. पाणी गेलं की फट्. गंगुबाईने भाजीत मीठ कमी घातलं तरी फट्, पण ती थाप जरा हळू.

अशात सौमित्र सासऱ्याशी समेट करायला म्हणून एक लाल तबकडी घेऊन आला. हवेत फेकायची, कुत्र्याने झेलायची, फ्रिस्बी म्हणतात तिला. गंगुबाईने ती उलटसुलट बघितली. "जावयबापू, ह्या ताट कित्याक हाडलात?" म्हणाली, आणि दोन दिवस तिच्यात सुकट वाळवली. तिसऱ्या दिवशी गुणाजी तबकडी गच्चीवर घेऊन गेला. शेजारच्या इमारतीतल्या कुणीतरी वरून पाणी ओतलं. गुणाजीने शिवी गिळली, मांडीवर थाप मारली आणि रागाने तबकडी भिरकावली. खाजा, सुकटीच्या वासाने आधीच वेडा झालेला, जमिनीपासून पुरुषभर उंच उडाला आणि ती हवेतच तोंडात धरून परत आला.

मग काय, रोजचंच झालं. थाप, फेक, झेप. एका वर्षात खाजा पाठीवरून उडी घ्यायला लागला, एका मागोमाग चार तबकड्या झेलायला लागला. आकांक्षा खेळांचे सामने भरवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. तिने मध्यंतरातला पहिला कार्यक्रम माटुंग्याच्या मैदानावर क्रिकेटच्या सामन्यात लावून दिला. दुसरा फुटबॉलला. मग शाळांचे क्रीडादिन, सोसायट्यांच्या स्पर्धा. कार्ड छापलं: 'लालबागचा उडता खाजा'. फोन आकांक्षाकडे यायचे. ती एक फॉर्म भरून घ्यायची. मैदान घसरडं आहे का, फटाके वाजणार का, पाण्याची सोय आहे का. फॉर्मात एक रकाना होता: 'कुत्र्याला कोणत्या आवाजाचा इशारा?'

"बाबा, इथे काय लिहू?"

"काही नाही. त्याला आपोआप कळतं," गुणाजी छाती फुगवून म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. आपण मांडी बडवतो हे त्याला कळतच नसे, जसं आपण श्वास घेतो ते कळत नाही. आकांक्षाने रकान्यात रेघ मारली.

तीन वर्षं त्या उजव्या हाताने मुंगी मारली नाही. केशवभुवनातले लोक जिन्यावर त्याच्या तोंडाकडे बघायला लागले.

यंदाच्या जानेवारीत शिवा भोगले घरी आला. परळच्या रणझुंजार क्रीडा मंडळाचा अध्यक्ष, गळ्यात साखळी, हातात नारळ. त्याने फोन-फॉर्म काही केलं नाही. सरळ देवासमोर नारळ ठेवला आणि मग बसला.

"काका, रविवारी आमच्या कबड्डीची फायनल. मध्यंतरात तुमचा कुत्रा पायजे."

गुणाजीचा चेहरा उतरला. तीस वर्षं तो कबड्डीच्या मैदानाकडे फिरकला नव्हता, आणि त्याला कारण होतं. अशाच एका फायनलमध्ये वरळीच्या वेताळेश्वर संघाचा गणपत शिवलकर चढाईला आला. गुणाजीने दोन्ही मांड्या कवेत घेऊन त्याला आडवा केला. त्याची ही पकड नावाजलेली होती. पंचाने शिट्टी मारली. शिट्टी झाली की सोडायचं, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. गुणाजीने सोडलं नाही. गणपतने आदल्या चढाईत त्याच्या आईवरून काहीतरी म्हटलं होतं. शिट्टी वाजत राहिली आणि गुणाजी पीळ देत राहिला, ओली फांदी मोडल्यासारखा आवाज येईपर्यंत. गणपतचा गुडघा कायमचा गेला. गुणाजीवर बंदी आली. बंदी दोन वर्षांची होती, उरलेली अठ्ठावीस त्याने स्वतःच घातली.

"समोर कोण आहे फायनलला?" त्याने विचारलं.

"वेताळेश्वर. गणपत शिवलकरच कोच हायेत त्यांचे. पुतण्या मयूर चढाईला. काका, जुनं गेलं ना आता. आम्ही तुमचा सत्कार पण ठेवलाय. शाल, श्रीफळ, माईकवर नाव. जुने-जाणते खेळाडू म्हणून."

गंगुबाई आतून म्हणाली, "माका विचारशात तर जाव नकात. सत्कार मी घरातच करतंय. नारळ हयच आसा."

पण माईकवर नाव, या दोन शब्दांनी गुणाजी पाघळला. शिवाय देवासमोर ठेवलेला नारळ परत कसा द्यायचा. आकांक्षाने फोनवर एवढंच विचारलं, "बाबा, जमेल ना?" तिला कुत्र्याबद्दल विचारायचं नव्हतं हे दोघांनाही कळलं.

"जमेल," गुणाजी म्हणाला.

रविवारी दुपारी चार वाजता परळच्या मैदानात मॅट अंथरली होती, चारी बाजूंना बांबूचं कुंपण, मागे पत्र्याच्या गॅलऱ्या. पहिला अर्धा खेळ होईपर्यंत शिवाने गुणाजी आणि खाजाला मंडळाच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात बसवलं होतं. खाली ढोलपथक वाजत होतं, त्यामुळे मैदानातला आवाज वर येत नव्हता. मध्यंतराची शिट्टी झाली आणि ते खाली आले.

मॅट पुसायला दोन जण आले होते. त्यांच्या फडक्याला लाल डाग दिसत होते. पहिल्या पंधरा मिनिटांत दोघांचे ओठ फुटले होते आणि वेताळेश्वरच्या एकाला खांदा निखळून उचलून नेलं होतं. लोक खुशीत होते. अशा लोकांसमोर गुणाजीने मांडीवर थाप मारली आणि पहिली तबकडी सोडली.

खाजा त्या दिवशी कुत्रा नव्हताच. त्याने सात झेल घेतले. एक पंचाच्या टेबलावरून, एक शिवाच्या वाकलेल्या पाठीवरून. शेवटची तबकडी कुंपणाबाहेर चालली होती, ती त्याने बांबूवर मागचे पाय टेकवून परत आत आणली. दोन हजार माणसं उभी राहिली. गुणाजीचे डोळे भरून आले. समोरच्या बाजूला काठी टेकून उभा असलेला गणपत शिवलकर मात्र टाळ्या वाजवत नव्हता. तो खाजाकडे बघतच नव्हता. तो गुणाजीच्या हाताकडे बघत होता.

एरवी कार्यक्रम झाला की दोघे घरी. पण सत्कार सामन्यानंतर होता. शिवाने मॅटच्या अगदी कडेला लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर गुणाजीला बसवलं. गुणाजीने खाजाचा पट्टा खुर्चीच्या पायाला बांधला.

दुसरा अर्धा खेळ सुरू झाला आणि खाजा अस्वस्थ झाला. मॅटवर कुणी मांडीवर थाप मारली की त्याचा शाबूत कान ताठ व्हायचा. उठायचा, हवेत बघायचा, परत बसायचा. गर्दीच्या गोंगाटात निम्म्या थापा बुडत होत्या.

"तहान लागली काय रे?" गुणाजीने त्याला पाणी दिलं आणि पाठ दाबून खाली बसवलं. त्याचं लक्ष खेळात. तीस वर्षांनी खेळाचा वास नाकात गेला होता. एका चढाईत रणझुंजारच्या पोराने मयूरच्या बरगडीत कोपर घातलं, पुढच्या चढाईत मयूरने त्याच पोराच्या हनुवटीवर टाच बसवली. पोरगा थुंकला, त्यात दाताचा तुकडा होता. गॅलरीतून सोड्याची बाटली आली आणि मध्यरेषेवर फुटली. काचा वेचायला खेळ थांबला. पुन्हा सुरू झाला तेव्हा एकोणतीस-एकोणतीस, आणि वेताळेश्वरची शेवटची चढाई उरली होती.

मयूर शिवलकर पुढे आला. चोवीस-पंचवीसचा, सागवानी खांबासारखा. सगळं मैदान चिडीचूप झालं. त्याने वाकून मध्यरेषेला हात लावला, छातीला लावला, आणि मग आपल्या उजव्या मांडीवर अशी थाप ठोकली की ती समोरच्या टॉवरवर आपटून परत आली.

खाजा निघाला.

मागून खुर्ची निघाली, आणि खुर्चीवरचा गुणाजी पाठीवर पडला. खाजा आभाळात तबकडी शोधत मॅटवर घुसला. तबकडी नव्हती. पण मयूरने नेमकी त्याच क्षणी बचावाच्या साखळीवरून उडी घेतली होती, आणि त्याचा लाल बूट हवेत होता. खाजाने तो झेलला. मयूर तोंडावर आपटला. वरून फरफटत आलेली खुर्ची त्याच्या डोक्यावर बसली आणि तिच्यावर रणझुंजारचे सातही गडी बसले. ढिगाऱ्यातून मयूर बाहेर आला तेव्हा नाकाच्या जागी नुसतं रक्त होतं. खुर्चीचा पाय मोडून सुटलेला खाजा बूट तोंडात धरून शेपटी हलवत गुणाजीपुढे उभा होता. शाबासकीसाठी.

पंचाने दोन्ही हात वर केले, कारण अशा वेळी काय करायचं हे नियमांच्या पुस्तकात नव्हतं. तेवढी उसंत लोकांना पुरली.

कुंपण दोन्ही बाजूंनी एकदमच मोडलं. बांबू उपसून निघाले. ढोलपथकाच्या टिपऱ्या, कमरेचे पट्टे, पत्र्याच्या खुर्च्या, ज्याच्या हाताला जे लागलं ते. "कुत्रं मुद्दाम सोडलं" असा एक आवाज आला आणि तो सगळ्यांचा झाला. शिवा भोगलेच्या गळ्यातली साखळी कुणीतरी धरून पिरगळली, त्याचे डोळे पांढरे व्हायला लागले. सत्काराच्या टेबलावरचा नारळ एकाच्या टाळक्यात फुटला. पंच टेबलाखाली गेला. एक बाप्या खाली पडला, त्याच्या हातावरून आठ-दहा पाय गेले, आणि त्याचं ओरडणं त्या गलक्यात कुणाला ऐकू आलं नाही.

कुणीतरी खाजाच्या बरगडीत बुटाची लाथ घातली. तो केकाटत पंचाच्या टेबलाखाली शिरला.

गुणाजीने ते पाहिलं. उजवा हात खांद्यापासून उठला. लाथ घालणारा हातभर अंतरावर होता, मान तिरकी, कानशील मोकळं. एवढी सोपी थोबाडीत गुणाजीला आयुष्यात मिळाली नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर आकांक्षा आली, हातात पट्टा घेतलेली. त्याने दात दाबले आणि सवयीने हात खाली आणला, स्वतःच्या मांडीवर. फट्.

टेबलाखालून खाजा उडाला. दुखऱ्या बरगडीने, वाकडातिकडा, आभाळात बघत, त्या बांबूंच्या आणि पट्ट्यांच्या ऐन मध्यात.

तेव्हा कुठे गुणाजीच्या डोक्यात उजेड पडला. तीन वर्षं फॉर्मातल्या त्या रकान्यात काय लिहायचं राहिलं, मयूरच्या थापेला कुत्रा का पळाला, सगळं त्याला त्या एका क्षणात समजलं. पण समजून उपयोग नव्हता, कारण खाजा उतरला तो मयूरच्या पुढ्यात, आणि मयूरच्या हातात कुंपणाचा बांबू होता.

"आज याला संपवतो," मयूर रक्त थुंकत म्हणाला आणि बांबू डोक्यावर नेला.

अठ्ठावन्न वर्षांचा गुणाजी उजव्या कोपऱ्यातून सुटला. खांदा खाली, डोकं बाजूला, दोन्ही हात मयूरच्या मांड्यांभोवती, आणि हातात हात अडकवून घट्ट. मयूर आडवा झाला. खाजा दोघांच्या मध्ये, गुणाजीच्या पोटाखाली दबला. वेताळेश्वरच्या लोकांना एवढंच दिसलं की म्हाताऱ्याने मयूरला पाडलंय. ते तुटून पडले.

पहिला दांडा पाठीवर बसला, दुसरा मानेवर. पट्ट्याची पितळी बक्कल कानामागे लागली आणि कान गरम ओला झाला. गुणाजीने पकड सोडली नाही. सोडली असती तर बांबू खाजावर होता. खाली मयूर तडफडत होता, गुडघा मोकळा करायला बघत होता, आणि तो गुडघा गुणाजीच्या दोन्ही हातांमध्ये नेमका तिथे होता जिथे तीस वर्षांपूर्वी गणपतचा होता. फक्त एक पीळ. हातांना वाट पाठ होती. हात आपले आपणच वळायला लागले होते.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

पंचाची नव्हती, पंच अजून टेबलाखाली होता. गणपत शिवलकर काठी टाकून, लंगडत, लोकांना ढकलत मध्ये आला होता. गळ्यातली सरावाची शिट्टी त्याच्या तोंडात होती आणि गालफडं फुगली होती. डोळे गुणाजीच्या हातांवर खिळलेले. शिट्टी दुसऱ्यांदा वाजली नाही. तो बघत राहिला.

गुणाजीने हात उघडले. दोन्ही पंजे वर, बोटं पसरून, लांबून दिसतील असे. त्याचं पोट अजून खाजावर होतं.

मयूर सुटला, उठला आणि सुटलेल्या माणसाने जे करायचं तेच त्याने केलं. बांबू फिरवला. गुणाजीच्या डाव्या खांद्याचं हाड कडकन मोडलं. दुसऱ्यांदा बांबू वर गेला तेव्हा तो गणपतने मागून धरला आणि पुतण्याच्या फुटलेल्या नाकावर अशी चपराक दिली की मयूर जागीच बसला. मग पोलिसांची गाडी आली, आणि सगळ्यांना आठवलं की आपल्याला घरी जायचंय.

इस्पितळात गुणाजीला खाटेवर बसवलं होतं. डावा हात गळ्यात बांधलेला, कानामागे सात टाके. गंगुबाई पायाशी. सौमित्र खाली गेटवर खाजाला घेऊन उभा होता. खाजाच्या दोन बरगड्यांना मार होता, पण जिवावरचं काही नव्हतं. आकांक्षा आली ती हातात पट्टा घेऊनच. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ. त्यात एवढंच दिसत होतं की बाबा एका पोराला खाली घालून त्याच्यावर पडलेत आणि पोरगा ओरडतोय.

"बाबा, हे काय आहे?"

"पकड," गुणाजी म्हणाला.

"मला कबड्डी शिकवू नका. हात उचललात की नाही?"

"मांडयेर मारल्यानी," गंगुबाई मध्येच म्हणाली. "दिवसभर मांडी बडवतत, त्या कुत्र्याक तांच कळता. मी तीन वर्सा बघतंय."

"मग आई, तू सांगितलं का नाहीस?"

"माका कोणी इचारल्यान? फॉर्म तुम्ही भरलात."

आकांक्षा रडायच्या बेतात होती. "बाबा, मी शब्द दिलाय स्वतःला. घरात तुमच्या हाताची भीती वाटत मोठी झालेय मी. व्हिडिओत तो ओरडतोय. मी याला घेऊन जातेय."

  पकडीतला आणि मारहाणीतला फरक सांगायचा अधिकार गुणाजीने तीस वर्षांपूर्वी स्वतःच घालवला होता. तो म्हणाला, "त्याला सुकट आवडते. कालिंदीबाईंना वास चालेल ना?"

तेवढ्यात काठीचा आवाज आला. गणपत शिवलकर. मयूरचं नाक त्याच मजल्यावर बांधत होते. गणपत सरळ खाटेपाशी आला, काठी गंगुबाईच्या हातात दिली, "वहिनी, जरा धरा," म्हणाला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून गुणाजीच्या थोबाडीत मारली.

 नर्सच्या हातातला ट्रे थांबला. गुणाजीच्या फुटलेल्या ओठातून पुन्हा रक्त आलं.

उजवा हात उठला. आकांक्षाने बघितलं, गंगुबाईने बघितलं, गणपतने तर मुद्दाम बघितलं. हात खांद्यापर्यंत गेला, तिथे थांबला. मांडीवर येऊ लागला, आणि तिथेही थांबला, कारण खाली गेटवर खाजा होता आणि खिडकी उघडी होती. शेवटी गुणाजीने तो हात स्वतःच्या मांडीखाली सारला आणि त्याच्यावर बसला. कपाळावरची शीर टरारून फुगली होती. पण तो बसून राहिला.

गणपतने काठी परत घेतली.

"तीस वर्षांची होती," तो म्हणाला. मग आकांक्षाकडे वळला. "पोरी, मयूरचा गुडघा याच्या हातात होता. माझा होता तसाच. पीळ द्यायला लागला होता, मी बघितलं, खोटं नाही सांगत. मी शिट्टी मारली, एकदाच. याने सोडलं. शिट्टीला सोडलं तर पकड, नाही सोडलं तर मारामारी. त्याच्यापलीकडे मला काही कळत नाही. कुत्र्याचं काय करायचं ते तू ठरव."

आकांक्षा बराच वेळ पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत राहिली. मग तिने पट्टा खाटेच्या दांडीला अडकवला.

"फॉर्म बदलावा लागेल," ती म्हणाली. "आणि यापुढे कबड्डीचं एकही काम घ्यायचं नाही. इशाराही नवा शिकवा, टाळी-बिळी काहीतरी."

"शिकवतो."

"बाबा, हात काढा आता खालून. मुंग्या आल्या असतील."

गुणाजीने डोळ्यांच्या कडेने खाटेशेजारी बघितलं. गणपतने स्टूल ओढलं होतं आणि दुखरा पाय लांब करून तो आरामात टेकला होता.

"असू दे," गुणाजी म्हणाला. "हा अजून इथेच बसलाय."